क्लीन चालवलं होतं

३ मार्च, सोमवार

चालवलं होतं. चालवलं होतं. चालवलं होतं!

दिवसभर हेच सांगत फिरले. सकाळी ऑफिसात पाय ठेवला तर मॅनेजर दारातच उभा, चेहरा उतरलेला. "मॅडम, पंप परत मागवतोय आपण. सगळे." हॉस्पिटलात शिरेतून औषध सोडणारा आमचा पंप. त्याचं नवं सॉफ्टवेअर गेल्या आठवड्यात मी बनवून पाठवलं. औषधाच्या मात्रांचा नवा तक्ता जायला हवा होता — गेला जुना! एका वॉर्डातल्या नर्सला पडद्यावरचा आकडा बघून शंका आली, तिने पंप बंद केला आणि सरळ फोन लावला. म्हणून कोणाला काही झालं नाही. त्या बाईचे पाय धरावेत असं वाटतंय. ती नसती तर? नको, तिकडे जायलाच नको.

आता माझं. निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले तुकडे जोडून एक सॉफ्टवेअर बनवायचं काम, म्हणजे बिल्ड, एक टूल करतं. जोडण्याआधी 'क्लीन' ही कमांड द्यायची, म्हणजे मागच्या वेळचे तुकडे पुसले जातात आणि सगळं नव्याने बनतं. मी दिली होती. मॅनेजर म्हणतो, "दिली असती तर जुना तक्ता आला कुठून? डॉक्युमेंटेशन बघा." बघितलं. टूलवाल्या कंपनीच्या वेबसाईटवर स्वच्छ लिहिलंय — क्लीन दिल्यावर आधीच्या बिल्डचे सर्व तुकडे काढून टाकले जातात. सर्व! म्हणजे जुना तुकडा राहिला याचा अर्थ एकच. बाईंनी क्लीन दिलंच नाही.

पण मला आठवतंय ना!

आमच्याकडे एक पद्धत आहे. क्लीन दिलं की मोठ्याने "साफ!" म्हणायचं, शेजारच्याने मान वर करून "ऐकलं" म्हणायचं. नव्या माणसाला हसू येतं, पण ही कमांड कुठे नोंदली जात नाही, म्हणून हा बोलाचा साक्षीदार. माझ्या शेजारी फौजदार बसते. टेस्टिंग बघते ती, सगळ्यांची उलटतपासणी घेते म्हणून हे नाव पडलंय. त्या दिवशी फौजदार दात काढायला गेली होती. मी रिकाम्या खुर्चीला "साफ" म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

खुर्ची काय साक्ष देणार, कप्पाळ.

४ मार्च, मंगळवार

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो आज सकाळी चहा गाळताना म्हणाला, "घाईत राहिलं असेल गं. होतं असं."

होतं असं! मी कप आपटला. तो माझ्याकडे न बघता गाळणं धुवायला लागला. ते न बघणंच वाईट. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. एकत्र इतकी वर्षं काढल्यावर एवढं पुरतं.

आईचं असंच सुरू झालं होतं. माझ्याएवढीच होती तेव्हा, एखाददुसऱ्या वर्षाचा फरक. कपडे शिवायची. हात इतका साफ की गिऱ्हाईक दुसऱ्या शिवणारीकडे फिरकायचं नाही. एकदा एका बाईच्या कपड्याला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. दाखवल्यावर हसली नाही, चिडली. "मी बरोबर लावल्या होत्या. कोणीतरी बदलल्या." आम्ही किती हसलो होतो त्या 'कोणीतरी'वर. पुढे तो कोणीतरी रोजच यायला लागला. आता आई दादाकडे असते आणि मला 'तुम्ही' म्हणते.

म्हणून मला नोकरीची तेवढी भीती नाही. गेली तर गेली, दुसरी बघीन, उपाशी मरत नाही आम्ही. मला एवढंच हवंय की कोणीतरी मला सांगावं — बाई, तू क्लीन दिलं होतंस, तुझं डोकं शाबूत आहे. बस्स.

५ मार्च, बुधवार

माझ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. क्लीन दिलं, फोल्डर उघडला. रिकामा. पुन्हा बिल्ड केलं, पुन्हा क्लीन. रिकामा. उलटं दिलं, सुलटं दिलं, मध्येच वायर काढून दिलं. प्रत्येक वेळी चकाचक! टूल अगदी पानावर लिहिल्यासारखं वागतंय. इतकं शहाण्यासारखं वागतंय की लाथ घालावी.

मुख्य सर्व्हरवर करून बघायला हवं, हॉस्पिटलांना जाणारं रिलीज तिथेच बनतं. पण तिथली माझी परवानगी काढून घेतलीय. मॅनेजर म्हणाला, "चौकशी होईपर्यंत हं. गैरसमज नको." गैरसमज कसला, समजच आहे तो.

त्या दिवशीचं आठवून पाहते. डाव्या बाजूला पाण्याची बाटली. कमांड टाईप केली. एंटर. "साफ." हे सगळं दिसतंय मला. पण हे त्याच दिवशीचं, की आधीच्या कुठल्यातरी रिलीजचं? बाटली तर रोजच असते.



६ मार्च, गुरुवार

दादाचा फोन. आईने जेवायला नकार दिला, वहिनीने भरवलं. मग इकडचं तिकडचं. मग हळूच, "तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता मला."

म्हणजे माझ्या पाठीमागे बैठका चालल्यात! घरी आल्यावर नवऱ्याला धारेवर धरलं. त्याने गुपचूप सांगून टाकलं, डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. आईला दाखवलं होतं त्यांच्याकडेच. "नुसती तपासणी गं. चित्रं दाखवतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात. काही नाही निघालं तर तुलाच बरं वाटेल."

आणि निघालं तर?

हे मी विचारलं नाही. भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली, मुद्दाम. राग काढायला.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं!!

फौजदार सकाळी खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली. गाल अजून सुजलेला आहे तिचा. "गेले चार दिवस तुझं तोंड बघवत नाहीये. चल, सर्व्हरवर माझ्या नावाने जाऊ. पण कीबोर्डला बोट लावलंस तर बोट मोडीन." मी हात मांडीखाली घेऊन बसले.

जुने तुकडे ज्या फोल्डरमध्ये राहतात त्याच्या चित्रावर एक बारीकसा बाण होता. माझ्या कॉम्प्युटरवर तो नाही. फौजदार म्हणाली, "हा बाण कसला गं?" सर्व्हर सांभाळतो त्याला बोलावलं. तो म्हणे, "डिस्क भरली होती ना, म्हणून हिवाळ्यात तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला. इथे नुसता पत्ता ठेवलाय. सांगितलंय की मी, मॅडम." आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "कोणाला सांगितलंस? भिंतींना?" फौजदार म्हणाली, "मला तरी नाही बाबा." तो मान हलवत गेला.

मग करून पाहिलं. फौजदारने जुन्या तुकड्यात मुद्दाम एक खोटा आकडा घातला, ७७७. क्लीन दिलं. टूल म्हणालं, झालं साफ. बिल्ड केलं, उघडलं — आत ७७७! टूल काय करतं, पत्त्याची पाटी बघतं आणि दारातूनच परत फिरतं. घरात शिरतच नाही. वर तोंड करून सांगतं की झाडून घेतलं!

मग इतके दिवस कसं निभावलं? तेही कळलं. फाईल बदलली की तिच्यावर नवी तारीख पडते, ती बघून टूल तेवढा तुकडा नव्याने बनवतं. क्लीन झालं काय, नाही झालं काय, फरक पडत नाही. या वेळी मात्रांचा तक्ता दुसऱ्या टीमकडून आला आणि त्याच्यावरची तारीख जुनीच राहिली होती. टूलला वाटलं, यात काही बदल नाही, आहे तो चालेल.

पानावर लिहिलंय सर्व तुकडे. 'सर्व'! मी फौजदारच्या सुजलेल्या गालाचा मुका घेतला. ती ओरडली. मग आम्ही दोघी हसलो, आणि मग मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले.

माझं डोकं शाबूत आहे.

८ मार्च, शनिवार

नवऱ्याला समजावून सांगितलं, बाण, पत्ता, ७७७ सगळं. तो लसूण सोलत ऐकत होता. म्हणाला, "हे मागे एकदा सांगितलं होतंस ना? बाणाचं?"

"कधी? मला कालच कळलंय!"

"मग दुसरं काहीतरी असेल," म्हणाला आणि सोलत राहिला. याला माझं एक काम दुसऱ्यापासून कधी वेगळं कळलंय? जाऊ दे. सोमवारी मॅनेजरच्याही वरच्या मोठ्या मॅडम स्वतः बसणार आहेत चौकशीला. प्रोजेक्टरने भिंतीवर वेबसाईटचं पान लावीन, तेच पान, 'सर्व तुकडे' वालं. आणि शेजारी ७७७ चालवून दाखवीन. बघू दे सगळ्यांना.

बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१० मार्च, सोमवार

काय लिहू.

मोठ्या मॅडम, मॅनेजर, फौजदार, मी. आधी ७७७ चालवून दाखवलं. मोठ्या मॅडम पुढे झुकल्या. "म्हणजे क्लीन दिलं तरी जुनं राहतं?" मी म्हटलं, "हो ना! आणि डॉक्युमेंटेशन काय सांगतं ते बघा." आणि पान भिंतीवर लावलं.

पानावर लिहिलं होतं — फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलेला असल्यास त्यातले तुकडे क्लीनने निघत नाहीत, ते हाताने काढावेत.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. चुकीचं पान असेल म्हणून पत्ता तपासला. तेच पान. तीच डावीकडची यादी, तेच हिरवं बटण. 'सर्व तुकडे' कुठेच नाही.

मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे तर इथे स्पष्ट लिहिलंय."

"हे नव्हतं इथे. गेल्या सोमवारी नव्हतं. तुम्हीही वाचलंत की!"

"मी वरवर वाचलं. तुमचं काम आहे ते, तुम्ही नीट वाचायला हवं होतं."

"हे पान कोणीतरी बदललंय!"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. कोणीतरी बदललं. आईचंच वाक्य, त्याच चढ्या सुरात. मोठ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं — रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं. "थोडे दिवस सुट्टी घ्या," म्हणाल्या. "रिलीजचं काम दुसरं कोणीतरी बघेल. बाकीचं शुक्रवारी ठरवू."

फौजदारला विचारलं, तू वाचलं होतंस ना पान? ती म्हणाली, "वाचलं होतं गं. पण शब्द न् शब्द कोणाला आठवतो?" ही फौजदार! जिला तीन वर्षांपूर्वीच्या चुका तारखेसकट आठवतात! तीही सांभाळून बोलायला लागली माझ्याशी.

साधा फोटो काढला नाही पानाचा. एवढी शिकलेली बाई, हातात दिवसभर फोन, आणि एक फोटो काढायचं सुचलं नाही! पण बदलेल असं कोणाला वाटेल? लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

की ते आधीपासूनच तसं होतं? आणि मीच 'सर्व' वाचलं, मला हवं होतं म्हणून?

११ मार्च, मंगळवार

घरीच.

पान उघडते, बंद करते. तेच वाक्य. सारखं सारखं उघडून काय होणार आहे?

नवरा ऑफिसला गेला नाही. माझ्यासाठी थांबला हे उघड आहे, पण म्हणतो पाठ धरलीय. घरभर ताठ पाठीने हिंडतोय. हसूही येत नाही.

दुपारी गॅस बंद केला का बघायला तीनदा उठले. तिन्ही वेळा बंद होता. तिसऱ्या वेळी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. मला माझीच खात्री देता येत नाहीये. दुसऱ्याने खोटं ठरवलं तर भांडता येतं. आतूनच आवाज यायला लागला की भांडायचं कोणाशी?

नवऱ्याला म्हटलं, गुरुवारी जाऊ डॉक्टरकडे. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "मी आहे." मी आहे म्हणे. बाबाही आईला असंच म्हणाले असतील.

नको आता लिहायला.

१२ मार्च, बुधवार

फौजदारचा फोन, किंचाळत! "आत्ताच्या आत्ता ये! रिक्षा कर, उडत ये, काहीही कर!"

ही बाई ब्राउझर कधी बंद करत नाही. पन्नास पानं उघडी ठेवते, त्यावरून आम्ही तिला किती बोललो असू. ३ तारखेच्या सोमवारी माझी तक्रार ऐकून तिने तेच पान उघडलं होतं आणि मग विसरून गेली. आज काहीतरी शोधताना त्या ढिगाऱ्यात ते सापडलं. उघडल्यापासून एकदाही ताजं केलेलं नाही, म्हणजे त्या दिवशी होतं तसंच्या तसं. आणि त्यावर — आधीच्या बिल्डचे सर्व तुकडे काढून टाकले जातात!

सर्व! सर्व! सर्व!

फौजदार दोन्ही हात पसरून स्क्रीनपुढे उभी होती. "कोणी हात लावायचा नाही! माऊसला शिंकायचंसुद्धा नाही!" तिने आधीच दहा फोटो काढले होते. मॅनेजर आला, वाकून वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग मोठ्या मॅडमना घेऊन आला. त्यांनीही वाचलं. म्हणाल्या, "म्हणजे मधल्या आठवड्यात बदललं. आणि तुम्ही म्हणत होता ते खरं होतं." मॅनेजर म्हणाला, "मॅडम, माफ करा." सगळ्यांसमोर म्हणाला. त्याला जड गेलं असणार. मी मोठ्या मनाने "असू दे हो" म्हटलं. मनातून मात्र अजून दोनदा ऐकायला आवडलं असतं.

रिलीजचं काम उद्यापासून परत माझ्याकडे. फौजदार माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "सोमवारी मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं गं." मी म्हटलं, गप. तिचेही डोळे भरले होते.

म्हणजे क्लीन मी दिलं होतं. पान मी नीट वाचलं होतं. मला आठवतंय ते खरं आहे! जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते आज कळलं. रस्त्याने चालताना उगाचच दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत आले. लोक बघत होते. बघू देत.

उद्याची डॉक्टरची वेळ मी स्वतः फोन करून रद्द केली. नवरा म्हणाला, "जाऊन यायला काय हरकत आहे?" हरकत आहे! मला काहीही झालेलं नाही! तो हसला आणि त्याची पाठही लगेच बरी झाली.

आता एकच राहिलं. टूलवाल्या कंपनीला उद्या फोन लावणार आहे. न सांगता, न विचारता, गुपचूप पान बदलता? माणसं वेडी व्हायची वेळ येते, कळतं का तुम्हाला? चांगली झापणार आहे.

१३ मार्च, गुरुवार

झापायला फोन केला. मदतीला बसणाऱ्या माणसाने माझं नाव ऐकलं आणि खूशच झाला. "अहो, तुम्हीच! बदललं बघा अखेर पान. आमच्याकडे एक ओळ बदलायची म्हणजे दहा जणांची परवानगी, महिना गेला. तुम्ही फोनवर सांगितलंत तेच वाक्य घातलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही."

मी विचारलं, कधी सांगितलं.

"जानेवारीच्या शेवटी नाही का! दोनदा केलात फोन. म्हणालात, मी आता दर वेळी दुसऱ्या डिस्कवरचे तुकडे हाताने पुसेन, पण दुसरं कोणी फसायला नको."

मी म्हटलं, हो, हो, बरोबर. आभार मानून फोन ठेवला.

मला काहीही आठवत नाही.